इंजेक्शन चरबी वितळवत नाही

नागपुरात फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांपासून धरमपेठेतल्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत वजन घटवायच्या इंजेक्शनबद्दल एकच बोलणं ऐकू येतं: "ते इंजेक्शन घे, चरबी वितळून जाते." असं काही होत नाही.

जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, पण दोनेक मिनिटांतच नष्ट होतं. या इंजेक्शनातलं औषध, सेमाग्लुटाइड, त्याच्यासारखंच, फक्त टिकाऊ. आठवड्यातून एकदा पुरतं. तर्री-पोह्याची प्लेट अर्धी संपते आणि पुढचा घास नकोसा होतो. वजन उतरतं ते या कमी खाण्यामुळे. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या सल्ल्यासह, ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं. औषध थांबल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं, कारण भूक परतली.

म्हणून "लग्नापुरतं दोन महिने घेतो" हा विचार सोडाच. मळमळ, उलट्या होतात, स्नायूही झिजतात. डोस डॉक्टरांनीच हळूहळू वाढवायचा असतो.

आणि कुणाला "तोंडावर ताबा ठेव" असं सुनावू नका. वजन घटलं की शरीर भूक वाढवणारं घ्रेलिन जास्त सोडतं. वर्षभरानंतरही ते चढलेलंच आढळलं आहे.