आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून: बडोद्यात नोंदणी, कागद आणि तारखा

गरोदरपणाची नोंद होते त्याच दिवशी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मागून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते. संमती बाईची स्वतःची लागते. सज्ञान बाईसाठी नवऱ्याची सही लागत नाही, कोणी मागितली तर ‘कुठल्या नियमाने?’ असं विचारा.

खासगी लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन थेट एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) गेलात तर परत पाठवतील. आधी सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात (आयसीटीसी) पुन्हा रक्त द्यावं लागतं. तिथे वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्यांनी खात्री करतात आणि तोच रिपोर्ट धरला जातो. मग सयाजी हॉस्पिटलच्या एआरटी केंद्रात नोंदणी.

इथे सगळ्यात जास्त अडकतं ते नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस अजून गेलेली नाही. आधारवर माहेरचं नाव, ममता कार्डावर (गुजरातचं माता-बाल आरोग्य कार्ड) सासरचं आणि केसपेपरवर नणंदेने घाईत सांगितलेलं तिसरंच. एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि पुढे बाळाचा रिपोर्ट आईच्या नावाशी जुळत नाही. पहिल्या दिवसापासून आधारवरचंच नाव सगळीकडे लिहायला लावा. भाड्याच्या घरामुळे बडोद्याच्या पत्त्याचा पुरावा नसेल तर तसं सांगून टाका, कागद नंतर देता येतो. गरोदर बाईच्या गोळ्या पत्त्यासाठी खोळंबून ठेवायच्या नसतात. सीडी४ चा (प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजणारा) रिपोर्ट यायचा आहे म्हणूनही थांबायचं कारण नाही.

गोळी रोज एकच: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डॉल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम. लोह-कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी तिच्यासोबत घेतली तर डॉल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. एकतर ही गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर सगळ्या गोळ्या एकत्र, जेवणाबरोबर. 32 ते 36 आठवड्यांत व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहेत याची) तपासणी चुकवू नका, कारण बाळाला एक औषध द्यायचं की दोन, हे त्यावर ठरतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल, म्हणजे नाशिक-जळगावकडे, तर सातव्या महिन्यातच एआरटी केंद्राला सांगा. तिथल्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी, उपचाराची पुस्तिका आणि पुरतील इतक्या गोळ्या घेऊनच गाडीत बसा. कळा सुरू झाल्यावर फोन करून यातलं काहीच मिळत नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. बाळंतपणाला नकार देणंही 2017 च्या एचआयव्ही कायद्याविरुद्ध आहे.

आता तारखा, कारण त्याच चुकीच्या वाचल्या जातात. बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं नेव्हिरापिन सिरप 72 तासांत द्यायचं, हे वाचून लोक तिसऱ्या दिवशी उगवतात. तोवर थांबायचं नसतं, सिरप जन्मल्याबरोबर सुरू व्हायला हवं. अडीच किलोच्या वरच्या बाळाला रोज दीड मिली, दोन ते अडीच किलोला एक मिली, त्याहून लहान असेल तर डॉक्टर वजनावरून ठरवतात. चमच्याने नव्हे, सिरिंजने मोजा. कमीत कमी सहा आठवडे द्यायचं, धोका जास्त असेल तर केंद्र मुदत आणि औषध दोन्ही वाढवतं.

आईचं दूध पाजणार असाल तर सहा महिने फक्त तेच. मध नाही, बाळगुटी नाही, वरचं दूध नाही. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या, पण मिश्र आहाराने धोका वाढतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र चालतात.

सहाव्या आठवड्यात बाळाची पहिली पीसीआर तपासणी (रक्तात थेट विषाणू शोधणारी) होते आणि कोट्रायमोक्साझोल हे इतर संसर्ग टाळणारं औषधही सुरू होतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला की पुष्कळ जण येणंच बंद करतात. दूध चालू असेपर्यंत तो अंतिम नसतो. सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी, पक्का निकाल अठराव्या महिन्यात, आणि दूध त्यानंतरही चालू असेल तर ते सुटल्यावर तीन महिन्यांनी. तारीख हुकली असली तरी बाळाला घेऊन जा, तपासणी त्याच दिवशी करतात. काही अडलं तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे लागत नाहीत.