भळाभळा वाहणारा कान आणि थेंबभर घाण वासाचा कान

सर्दीच्या मागोमाग रात्री कान ठणकतो, ताप चढतो, पडदा फुटून पू बाहेर आला की मूल शांत झोपतं. हे बहुतेक आईबापांना ठाऊक आहे, त्यात फार शिरत नाही. घोळ होतो तो कान वाहायचा थांबत नाही तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत २ आठवड्यांवर वाहणारा कान जुनाट धरतात. या जुनाट कानाचे दोन प्रकार आहेत, आणि लोक त्यातला नेमका चुकीचा घाबरण्यासाठी निवडतात.

पहिल्यात पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागाला भोक असतं. सर्दी झाली, कानात पाणी गेलं की वाहू लागतो. स्राव भरपूर, चिकट, तार धरणारा, वास सहसा नाही. उशी भिजते म्हणून घरचे धास्तावतात. प्रत्यक्षात हाड बहुधा शाबूत असतं. कान कोरडा करून पुढे पडदा शिवता येतो.

दुसऱ्यात पडद्याचा वरचा सैल भाग किंवा मागचा वरचा कोपरा आत ओढला जाऊन खिसा तयार होतो. पडद्याच्या बाहेरच्या बाजूला त्वचेचा थर असतो. एरवी त्याच्या मृत पेशी हळूहळू कानाबाहेर सरकतात. खिशात मात्र त्या अडकतात आणि पापुद्र्यावर पापुद्रा साचतो. हा कोलेस्टिएटोमा. कॅन्सर नव्हे, पण आजूबाजूचं हाड खात जातो. स्राव जेमतेम कापसाच्या टोकाला लागेल एवढा, कधी रक्ताचा अंश, आणि वास असा की शेजारी बसलेल्यालाही जाणवावा. दुखत नाही. म्हणूनच ‘थोडंसंच येतं, अधूनमधून’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. स्राव किती यावरून धोका मोजणं सोडा. वास कसा आणि भोक कुठे, ते बघा.

हे हाड खाणं गंभीर का? मधल्या कानाच्या छताचं हाड अगदी पातळ असतं आणि त्याच्या लगेच वर मेंदूचा टेम्पोरल भाग. मागच्या बाजूला मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर आणि त्यापलीकडे लहान मेंदू. वाट सापडली की जंतू मेंदूज्वर करतात, मेंदूत गळू करतात, किंवा त्या शिरेत गुठळी; मग हुडहुडी भरून चढउताराचा ताप येतो. मधल्या ताणलेल्या भागात भोक असलेल्या कानात, किंवा साध्या ठणकत्या कानातही हे क्वचित घडतं, म्हणून खालची लक्षणं सगळ्यांनाच लागू.

दुसरी घातक समजूत: वाहायचा थांबला म्हणजे बरा झाला. जुनाट कान एकाएकी कोरडा पडला आणि त्याच सुमारास डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या, तर पू आतच कोंडला असण्याची शंका घ्यावी. मान ताठ होणं, गुंगी, फिट येणं, चालताना तोल जाणं, चेहरा एका बाजूला लुळा पडणं, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ताप नाही म्हणून गळू नाही असंही धरू नका. मेंदूतलं गळू काही दिवस गप्प राहू शकतं.

पडदा न पाहता महिनोन्‌महिने ड्रॉप्स चालू ठेवणं मला मुळीच मान्य नाही. ड्रॉप्सने वास आणि स्राव कमी होतो. खिसा तसाच राहतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाने मायक्रोस्कोपखाली कान साफ करून तो कोपरा बघायलाच हवा. कोलेस्टिएटोमा निघाला तर बहुधा कानामागच्या हाडावर शस्त्रक्रिया करावी लागते. तिचा पहिला हेतू कान निर्धोक करणं, ऐकू येणं सुधारणं नंतर. आणि मुलांमध्ये तो मोठ्यांपेक्षा जास्त वेळा परततो, त्यामुळे कान कोरडा दिसला तरी पुढची काही वर्षं तपासणी, कधी एमआरआय, तर कधी दुसरी शस्त्रक्रिया ठरलेली असते.