वार पडायची वाट बघत रेडकू उपाशी ठेवू नका

"वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, नाहीतर वार अडकते." कोल्हापूरकडच्या गोठ्यांत हे अजूनही ऐकू येतं. (वार म्हणजे व्याल्यावर गर्भपिशवीतून बाहेर पडणारं आवरण, चीक म्हणजे व्यालेल्या म्हशीचं पहिलं घट्ट दूध.) खरं याच्या उलट आहे. रेडकू सडाला लुचलं की म्हशीच्या अंगात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, गर्भपिशवी आकसते आणि वार सुटायला मदतच होते.

मार बसतो तो रेडकाला. रोगाशी लढणारे घटक त्याला पोटात असताना मिळत नाहीत, ते चिकातूनच येतात. ते शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते, २४ तासांत जवळपास संपते. वार पडायला मात्र ८ ते १२ तास लागू शकतात. मध्यरात्री म्हैस व्याली तर रेडकू उजाडेपर्यंत ताटकळतं, पुढं हगवणीनं जातं, आणि बोल लागतो दृष्टीला!

३० किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात ३ लिटर चीक हवा, त्यातला दीड लिटर पहिल्या दोन तासांत. आधी कास कोमट पाण्यानं धुऊन पुसा. लुचत नसेल तर बाटलीनं पाजा. नळ्यानं घशात ओतला तर फुफ्फुसात जाऊ शकतो. खरवस करायचा तो उरलेल्या चिकाचा.

१२ तासांनंतरही वार लोंबत असेल तर ओढू नका, वजनही बांधू नका. तुकडा आत राहून कुजतो. डॉक्टरांना बोलवा.