यामाशिताची उजवी पोटरी

लॉस एंजेलिस, ऑगस्ट १९८४. ऑलिम्पिक ज्युदोच्या खुल्या, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या गटात जपानचा यासुहिरो यामाशिता दुसरी लढत खेळत होता. समोर पश्चिम जर्मनीचा आर्थर श्नाबेल. डाव टाकताना यामाशिताच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. लढत त्याने जिंकली, पण मॅटवरून उतरला तो लंगडतच.

क्युशू बेटावरच्या कुमामोतो भागातला हा धिप्पाड गडी १९७७ च्या ऑक्टोबरपासून एकही लढत हरला नव्हता. मॉस्को ऑलिम्पिकवर जपानने बहिष्कार टाकला आणि १९८० ची संधी हुकली. जगज्जेतेपदं चार, ऑलिम्पिक पदक एकही नाही, आणि आता हे दुखणं.

दुखावला तो नेमका उजवा पाय, ही गोष्ट फार महत्त्वाची. यामाशिता डावखुऱ्या पद्धतीने खेळायचा. ओसोतो-गारी हा त्याचा हातखंडा डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याला तिरकं मागे असं रेटायचं की त्याचा सगळा भार एका टाचेवर यावा. माणूस उभा राहतो तो त्याचा गुरुत्वमध्य दोन पावलांमधल्या जागेच्या वर असतो म्हणून. ती जागा एका टाचेएवढी उरली की त्याच पायामागे आपला पाय घालून तो पुढे झाडायचा. छाती मागे ढकलली जाते, पाय पुढे ओढला जातो, आणि उलट दिशांची ही दोन बलं मिळून अख्खं शरीर फिरवतात.

झाडतो तो डावा पाय. त्या क्षणी स्वतःचा सगळा भार तोलतो उजवा, आणि तोलण्याचं काम करते पोटरी. साधं उभं राहतानाही आपला गुरुत्वमध्य घोट्याच्या किंचित पुढे असतो. पोटरीने नडगी मागे ओढून धरली नाही तर आपण तोंडावर पडू. एका पायाच्या चवड्यावर उभं राहिलं की हा ताण खूपच वाढतो. घोट्यापासून चवडा लांब, टाच मात्र जवळ, त्यामुळे टाचेच्या स्नायुबंधाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ओढ द्यावी लागते. यामाशिताचं वजन होतं सुमारे १२७ किलो. म्हणजे पाव टनाहून अधिक भार, तोही फाटलेल्या स्नायूवर!

उपांत्य फेरीत फ्रान्सच्या लॉराँ देल कोलोम्बोने सुरुवातीलाच त्याला पाडून गुण घेतला, आणि तोही ओसोतो-गारीनेच. यामाशिताने लढत फिरवली आणि शेवटी त्याला जमिनीवर दाबून धरलं.

मला यातली खरी हुशारी इथे दिसते. जमिनीवर आलं की पोटरीचं काम संपतं. योको-शिहो-गातामे या पकडीत छाती प्रतिस्पर्ध्यावर आडवी टाकायची, गुडघे फाकवून आधार रुंद करायचा, गुरुत्वमध्य शक्य तितका खाली आणायचा. खालच्याला सुटायचं तर हा सगळा भार उचलून उलटवावा लागतो. एरवी पोटरीला छळणारं तेच वजन आता कामाला येतं.

अंतिम लढत इजिप्तच्या मोहम्मद रशवानशी. रशवानने हल्ला केला, यामाशिताने तो चुकवला, रशवान खाली आला आणि यामाशिता त्याच्यावर पसरला. त्या काळी ३० सेकंद धरून ठेवलं की लढत संपायची. सगळा खेळ १ मिनिट ५ सेकंदांत आटोपला.

पुढच्या वर्षी, सलग २०३ लढती न हरता, तो निवृत्त झाला.

पदक घेताना मात्र चौथऱ्याची पायरी चढायची होती, आणि ती चढायला पोटरी लागतेच. रशवानने त्याला हात दिला.