ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाची लय निर्दोष?

‘एकदा ईसीजी नॉर्मल आला की ठोक्यांत बिघाड नाही, धडधड हा केवळ मनाचा खेळ,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. चाचणी विश्वासार्ह असल्याने हा समज स्वाभाविक आहे; मात्र ती किती वेळाची नोंद असते, हे त्यात सांगितलेले नसते.

नेहमीचा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. कागदाचा वेग सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर असतो आणि तो कडेला छापलेला असतो. म्हणून ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, आणि असे ५० चौकोन म्हणजे १० सेकंद, हे कोणालाही मोजून पाहता येते. दिवसात मात्र ८६,४०० सेकंद असतात; म्हणजे ही नोंद दिवसाचा अगदी छोटा तुकडा असते.

एट्रियल फिब्रिलेशन ही अनियमित लय काहींना अधूनमधून येते आणि आपोआप थांबते. ती चालू असताना ठोक्याआधीची छोटी पी लहर दिसत नाही आणि उंच आर लहरींमधील अंतर कोणत्याही क्रमाविना कमीजास्त होते. ती थांबल्यावर मात्र ईसीजी पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो. (प्रत्येक अनियमितता आजार नसते: तरुणांत श्वासागणिक हे अंतर बदलते, पण पी लहर कायम राहते.)

म्हणूनच धडधड वारंवार होत असल्यास डॉक्टर २४ तास किंवा अधिक काळ होल्टर (अंगावर बाळगायचे, सलग ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र) लावतात आणि त्रासाची वेळ लिहून ठेवायला सांगतात. धडधडीसोबत शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले, तर जुन्या नॉर्मल ईसीजीवर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे.