थोरलं का गुरगुरतं: कुत्र्यांच्या मत्सराची आणि त्यावरच्या सल्ल्यांची पार्श्वभूमी

घरात एक कुत्रं असताना दुसरं पिल्लू आणलं, की कोल्हापुरात सल्ल्यांना तोटा नसतो. "आधी थोरल्याला घाला, मग धाकट्याला," असं शेजारच्या काकू सांगतात. "भांडू देत की! एकदा ठरलं मोठा कोण, की गप बसत्यात," हे तालमीत जाणाऱ्या पुतण्याचं मत. आणि "गुरगुरलं की एक दणका द्या, मालक कोण ते कळू दे," हा तिसरा सल्ला, सगळ्यात ठाम आवाजातला. हे तिन्ही सल्ले एका घरचे नाहीत. पहिला वाड्या-वस्तीवरच्या अनुभवातून आलेला दिसतो. उरलेल्या दोघांचा माग काढत गेलं, तर स्वित्झर्लंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयापर्यंत जावं लागतं.

आधी आपल्याकडचं. एकापेक्षा जास्त कुत्री सांभाळणं या मुलखाला नवं नाही. नृसिंहवाडीहून आणलेल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि चौघंही शांत. अर्थात तसबिरीत शांत राहणं सोपं. पण पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला जमणाऱ्या धनगरांकडे पाहिलं, तर मेंढरांच्या कळपाबरोबर दोन-तीन कुत्री सहज दिसतात. तिथं पिल्लू जुन्या कुत्र्यांच्या मागे हिंडत मोठं होतं. कान ओढले, शेपटीला लोंबकळलं, की जुनं कुत्रं एकदा दात दाखवतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर उठतं आणि कळपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. भांडण मिटवायला कोणी मधे पडत नाही, कारण माळ मोठा असतो आणि दोघांनाही काम असतं. कर्नाटकातल्या मुधोळची सडपातळ, लांब पायांची शिकारी कुत्रीही अशीच सोबतीनं सशामागे सुटायची. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला नाव मिळवून दिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली आणि या कुत्र्यांचं निम्मं काम संपलं.

त्यानंतर कुत्रं हळूहळू अंगणातून हॉलमध्ये आलं. ताराबाई पार्कातल्या किंवा राजारामपुरीतल्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरला ना कळप, ना माळ, ना काम. त्याच्या जगात मोलाच्या गोष्टी चार: माणसाचा हात, सोफ्याचा कोपरा, जेवणाचं ताट आणि दारावरची बेल वाजल्यावर पहिलं धावण्याचा मान. पिल्लू येतं तेव्हा या चारही गोष्टींत वाटा मागतं, आणि उठून दुसऱ्या टोकाला जायला जागाच नसते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आणलेल्या पिल्लांची तर आणखी वेगळी तऱ्हा. दिवसभर माणसं घरात, सगळं लक्ष आपल्यावर, हेच त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आज तीच घरोघरची थोरली आहेत. माझ्या मते मत्सर फार जुना आहे. त्याला अडवून धरणारी भिंत तेवढी नवी आहे.

आता तो प्राणिसंग्रहालयाचा धागा. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले लांडगे जेमतेम दोनशे चौरस मीटरच्या आवारात एकत्र ठेवलेले होते. ते भांडायचे, एकमेकांना दाबायचे. त्यावरून कळपात वरचं स्थान मिळवण्यासाठी सतत झुंज चालते, असं चित्र उभं राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत खचाखच भरलेल्या एसटीत जागेवरून चाललेली भांडणं पाहून मराठी कुटुंब कसं नांदतं हे ठरवावं, तसला हा प्रकार. पण कल्पना चिकटली. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० साली लांडग्यांवर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकात तिला जागा दिली. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू स्कीटच्या मठातल्या, कुत्री पाळणाऱ्या साधूंनी कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची रीत पुस्तकात छापली, आणि "मालक कोण ते दाखवा" हे घराघरांत गेलं. आपल्याकडे हे ज्ञान इंग्रजी पुस्तकं, टीव्ही आणि पुढे मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलं. कुस्तीच्या गावात ते लगेच पटलं, यात नवल नाही.

गंमत अशी की मेक यांनीच ते पुढे मोडून काढलं. कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर ते अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ राहिले आणि १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. वरच्या जागेसाठी झुंज नाही, साधं घर असतं. आपल्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले होते. साधूंनीही ती उताणं पाडण्याची रीत पुढे सोडून दिली. सल्ला मात्र कोल्हापुरात अजून ठणठणीत आहे.

मग गुरगुरण्यामागे काय असतं? मालकानं दुसऱ्याला लाडावलं की कुत्र्याला हेवा वाटतो, हे चार्ल्स डार्विननी १८७१ मध्येच सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून लिहून ठेवलं होतं. प्रयोगानं ते तपासायला २०१४ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियात क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूवोस्ट यांनी ३६ कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना तीन गोष्टी करायला लावल्या: भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करणं, भोपळ्याच्या आकाराच्या बादलीचे लाड करणं, आणि मोठ्यानं पुस्तक वाचणं. मालकाला ढोसणारी कुत्री खेळण्याच्या वेळी ७८ टक्के, बादलीच्या वेळी ४२ आणि पुस्तकाच्या वेळी २२. चौथा हिस्सा कुत्री खेळण्यावर दात घेऊन धावली. ८६ टक्क्यांनी त्याच्या शेपटीखाली रीतसर वास घेतला, म्हणजे ते बहुतेकांना खरंच वाटलं असावं. या वागण्याला माणसाच्या अर्थानं मत्सर म्हणायचं का, यावर संशोधकांत वाद आहे. घरात मात्र तो वाद फारसा कामाचा नाही. थोरलं मधे घुसतं, ते तुमच्या लक्षासाठी.

त्याहून कामाचा मला व्हिएन्नातला प्रयोग वाटतो. २००९ मध्ये फ्रीडेरिके रांगे आणि सहकाऱ्यांनी दोन कुत्री शेजारी बसवून दोघांना पंजा द्यायला सांगितलं. एकाला बक्षीस मिळतंय आणि आपल्याला काहीच नाही, हे दिसलं की दुसरं लवकरच पंजा देईना. पण एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला नुसता पाव मिळाला, तर पाववाल्यानं तक्रार केली नाही. शेजारच्या काकूंच्या सल्ल्याला इथं अर्धा आधार मिळतो. आधी कोणाला, हा प्रश्न दुय्यम. दोघांच्या तोंडात काही तरी पडणं महत्त्वाचं. पिल्लू आलं की थोरल्याला काही तरी चांगलं मिळतं, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसला तर निम्मं काम झालं. बहुतेक घरांत उलटं होतं: पिल्लू आलं की थोरल्याला "ए, हट" ऐकावं लागतं.

ताटं वेगळी, शक्य तर खोल्याही वेगळ्या. रविवारच्या मटणाची नळी दोघांच्या मधे टाकणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि शिजलेलं हाड तसंही टोकदार तुकडे होऊन आतड्याला इजा करतं. तांबडा-पांढरा माणसांपुरता ठेवावा. थोरल्याला पिल्लू पोचणार नाही अशी एक जागा हवी, पलंगावर किंवा आडव्या फळीमागे. माळाचं दुसरं टोक घरात तयार करायचं ते असं. आणि दणक्याबद्दल: गुरगुरणं हा चावण्याआधीचा इशारा असतो. मार खाऊन तो बंद झाला, तर पुढच्या वेळी इशाऱ्याविना दात लागतात.

पहिली भेट तिऱ्हाईत जागी घडवा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेतले स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू इतरांशी जुळवून घ्यायला शिकतं. म्हणजे भेटीगाठी याच वयात हव्यात. नेमकी याच काळात पिल्लाची लसही पुरी झालेली नसते. पार्व्हो हा पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे रंकाळ्याच्या काठावर, जिथं दिवसभर भटकी कुत्री फिरतात, तिथं असलं पिल्लू खाली सोडू नये. इमारतीची गच्ची किंवा ओळखीच्यांचं बंद आवार बरं. पिल्लू काखेत, थोरलं सैल दोरीवर, आणि एकमेकांच्या बाजूनं चालणं. समोरासमोर आणून नाकाला नाक लावायला लावणं नको.

एक गोष्ट मात्र मत्सराच्या खात्यावर उगाच टाकली जाते. आठ-नऊ वर्षांचं, आजवर कोणावर न भुंकलेलं कुत्रं पिल्लाच्या नुसत्या धक्क्यानं अंगावर जात असेल, तर त्याचे कंबरेचे सांधे किंवा दात दुखत असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून थोरल्याची तपासणी करून घ्यावी.