पार्श्वभूमी : ‘स्वरचित’ या शब्दाचा गुंता

‘कविता स्वरचित व अप्रकाशित असावी.’ कोल्हापुरातल्या कोणत्याही काव्यस्पर्धेची नियमपत्रिका उघडा, पहिल्या दोन-तीन ओळींत हे वाक्य असतेच. इतकी वर्षे ते छापले जात होते आणि थांबून कोणी वाचत नव्हते. यंदा एका स्पर्धेच्या बैठकीत दोन तास याच वाक्यावर गेले. निम्म्या मंडळींना त्यापुढे ‘एआयचा वापर आढळल्यास कविता बाद’ असे जोडायचे होते. शेवटी ठरले ते वेगळेच. यंत्राची मदत घेतली असेल तर अर्जात तसे लिहावे, कविता बाद होणार नाही. मात्र अंतिम फेरीत कवीने ती स्वतः उभे राहून म्हणावी आणि परीक्षकांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरे द्यावीत. हा निर्णय अनेकांना पटलेला नाही. मी त्या बैठकीत होतो आणि मला तो पटला आहे, हे आधीच सांगतो.

यंत्र कवीची जागा घेईल का, ही भीती नवी वाटते, पण कवितेतला मोजता येणारा भाग आपल्याकडे फार जुन्या काळीच वेगळा काढून ठेवलेला आहे. ‘यमाताराजभानसलगा’ हे दहा अक्षरांचे सूत्र शाळेत ज्यांनी पाठ केले, त्यांना हे ठाऊक आहे. लघु-गुरूच्या तीन-तीनच्या आठही जोडण्या त्यात एकापाठोपाठ एक येतात. छंदशास्त्रातला ‘प्रस्तार’ म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या रचनांची यादी मांडण्याची पद्धत. त्या हिशेबाने एकोणीस अक्षरांच्या चरणाच्या 5,24,288 रचना होतात. शार्दूलविक्रीडित ही त्यांतली एक. यंत्राला आवडेल असाच हा कारभार आहे.

पन्हाळ्यावर 1729 साली जन्मलेले मोरोपंत हे या बाजूचे आपले टोकाचे उदाहरण. त्यांची रामायणेच 108. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायचे वर्ण वर्ज्य, म्हणजे ‘म’ चालत नाही, म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ हे नाव घ्यायचे नाही! असली बंधने यंत्राला घालून देणे आज सोपे आहे. पंतांना ती कोणी घातली नव्हती, त्यांनी ती स्वतःच स्वतःवर घेतली होती.

पण आमच्या भागात कविता नुसती मोजून पार पडत नसे. कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या, फडात एका बाजूने भेदिक सवाल टाकायचा, पुराणातले किंवा अध्यात्मातले कूट घालायचे आणि समोरच्या शाहिराने डफ हातात असतानाच त्याचा जवाब बांधायचा. रात्र सरेपर्यंत हे चाले. चाल, यमक, टेक यांचे साचे ठरलेले असत आणि दोन्ही फडांना ते सारखेच अवगत असत. सवाल अंगावर आला की उत्तर कोण देतो, यावर शाहिराची किंमत ठरे. यंदाच्या नियमातली ‘उभे राहून उत्तरे द्यावीत’ ही अट मला परकी वाटली नाही, ती यामुळे.

विसाव्या शतकात मोजमापाचे काम पुन्हा कोल्हापुरात येऊन पोचले. राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या एका प्राध्यापक-कवीने मराठी पद्याच्या साऱ्या वृत्तांची, जातींची आणि छंदांची शास्त्रशुद्ध मांडणी केली; ‘छंदोरचना’ या ग्रंथाची मोठी आवृत्ती 1937 ची. गझल आणि रुबाई मराठीत रुजवणाराही तोच. आज एखाद्याला मराठी वृत्ते संगणकाला शिकवायची असतील तर त्याच ग्रंथाकडे जावे लागेल. तो लिहिणाऱ्याने स्वतःच्या कवितेतून मात्र असे काही सांगितले की त्या काळी त्यावर वादळे उठली. नियमांची खातेवही आणि मनातला दाह, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते.

तिकडे लंडनमध्ये 1845 साली पिकॅडिलीतल्या एका सभागृहात एक शिलिंग घेऊन लोकांना कविता करणारे यंत्र दाखवले जात होते. इकडे तेव्हा कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड पेटून मोडले जात होते. ‘युरेका’ नावाचे ते यंत्र सॉमरसेटमधल्या एका कारागिराने अनेक वर्षे खपून बनवले होते. आतले लाकडी दंडगोल फिरत आणि झरोक्यात लॅटिन षट्पदीची (हेक्झामीटर वृत्तातली) एक ओळ उमटे. सहा शब्दांच्या जागा ठरलेल्या. विशेषणाच्या जागी विशेषण, क्रियापदाच्या जागी क्रियापद. अशा कोट्यवधी ओळी निघू शकत. वृत्त कधी चुकत नसे. लोक पाहून थक्क झाले आणि घरी गेले.

खरा प्रश्न 1949 साली विचारला गेला. मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या एका ब्रिटिश प्राध्यापकाने भाषणात म्हटले की, यंत्र जेव्हा चिन्हांच्या योगायोगाने नव्हे, तर मनात उमटलेल्या भावनेमुळे सुनीत लिहील, तेव्हाच त्याला मेंदूच्या बरोबरीचे मानू. मँचेस्टरच्या विद्यापीठातल्या एका गणितज्ञाने वर्तमानपत्रातून उत्तर दिले, आणि पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, यंत्र विचार करू शकते का, हा प्रश्न मांडणारा त्याचा गाजलेला निबंध आला. त्यात परीक्षक स्कॉटलंडमधल्या एका पुलावर सुनीत लिहायला सांगतो आणि यंत्र म्हणते, यातून मला वगळा, कविता मला कधी जमलीच नाही. हा भाग सगळे सांगतात.

त्याच निबंधातला दुसरा संवाद फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या वादाशी खरा संबंध त्याचाच आहे. तो तोंडी परीक्षेचा आहे. परीक्षक विचारतो, तुझ्या सुनीतात उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा आहे, वसंताचा दिवस का नको? उत्तर येते, वृत्तात बसत नाही. मग हिवाळ्याचा दिवस? तो तर बसतो. उत्तर येते, बसतो, पण हिवाळ्याच्या दिवसाची उपमा कोणाला आवडेल? माणसाला खरेच कळले आहे की त्याने पोपटपंची केली आहे, हे पाहण्याची ही रीत परीक्षांमध्ये रूढ असल्याचे तो लेखक नमूद करतो. भेदिक फडातला सवाल तरी याहून वेगळा काय होता?

त्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, त्याच विद्यापीठातल्या संगणकाने प्रेमपत्रे लिहिली. ठरावीक साच्यात शब्द भरलेली, खाली सही संगणकाची. पुढची पन्नास-साठ वर्षे असे प्रयोग होत राहिले. त्यांनी कवींच्या पोटावर पाय आला नाही, म्हणून इथे ते सोडून देतो.

आता ‘स्वरचित’कडे. शब्द दिसतो सरळ, ‘स्व’ने रचलेले. पण आपल्याकडे ‘स्व’ कधीच एकटा नव्हता. होनाजी बाळा हे एकाच माणसाचे नाव वाटावे इतके जुळून गेले आहे. रचत होते होनाजी, गात होता बाळा. गझलेच्या परंपरेत उस्ताद शागिर्दाच्या शेरावर इस्लाह करतो, म्हणजे एखादा शब्द हलवतो, कधी अख्खा मिसरा, म्हणजे शेराची ओळ, बदलून देतो. शेर तरीही शागिर्दाच्याच नावावर राहतो. कोल्हापूरच्या स्टुडिओंमध्ये आधी चाल आणि मग शब्द, असे लिहिणाऱ्या गीतकारांना मीटर दुसऱ्याकडूनच मिळत असे. उलट बाजूही आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते, तरीही तुकोबांच्या नावावर दुसऱ्यांनी रचलेले अभंग घुसलेच. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करताना एकनाथांनी बजावले होते की, यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवतो. म्हणजे कोणाचा हात लागला आणि कोणाचे नाव पडले, ही कुरबूर सोळाव्या शतकातही होती.

कायद्याने हा गुंता एका वाक्यात सोडवायचा प्रयत्न केला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘लेखक’ या शब्दाच्या व्याख्येत नवे कलम आले. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीच्या बाबतीत, जी व्यक्ती ती कृती निर्माण होण्यास कारण ठरते तीच लेखक. इंग्लंडच्या 1988 च्या कायद्यात अशाच धर्तीची तरतूद आधी होती. बैठकीत एका वकील सदस्याने हे कलम वाचून दाखवले तेव्हा बंदी मागणारे अडचणीत आले. ‘आईवर चार कडवी लिही’ एवढे यंत्राला सांगणारा ‘कारण’ ठरतो का? मला वाटते, या कलमाच्या जोरावर त्याला मालकी कदाचित मिळेल, पण ‘रचणे’ हे क्रियापद त्याला लावता येणार नाही. ‘निर्माण होण्यास कारण’ तर घरचा कर्ता पुरुषही होतो, जो सुताराला पाट करायला सांगतो. पाट सुताराचाच.

योगायोग असा की, त्याच 1994 साली एका बँक संघटनेच्या अंकात गांधीजींवरची एक मराठी कविता पुनर्मुद्रित झाली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. एकवीस वर्षांनी, 2015 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कविता छापणाऱ्याने लगेच माफी मागितली होती, म्हणून त्याला मोकळे केले. कवीबाबतचा प्रश्न खालच्या न्यायालयावर सोडला. त्या कवितेबद्दल कोणाचे काही मत असो, न्यायालयाने छापणारा आणि रचणारा यांना दोन तराजूंत तोलले, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याआधी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत नवकवितेच्या प्रवर्तकालाही आपल्या कवितांसाठी अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावे लागले आणि तो निर्दोष सुटला. ओळ लिहिली की तिच्या पाठीशी एक देह उभा लागतो. यंत्राला समन्स बजावता येत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र गोष्टी भराभर झाल्या. 2017 मध्ये चीनमध्ये एका संगणक-कवयित्रीचा संग्रह निघाला. 519 कवींच्या कविता तिला वाचायला दिल्या होत्या, तिने दहा हजारांहून जास्त कविता केल्या आणि त्यांतल्या 139 निवडल्या गेल्या. निवड करणारी माणसे होती, ही गोष्ट जाहिरातीत मागे पडली. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि पुढच्या मोसमापासून आमच्या स्पर्धांच्या अर्जांचा गठ्ठा फुगला. नोव्हेंबर 2024 मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. 1,634 सामान्य वाचकांना दहा नामांकित इंग्रजी कवींच्या आणि त्यांच्याच शैलीत यंत्राने केलेल्या कविता दाखवल्या. ओळखणे बरोबर आले 46.6 टक्के वेळा, म्हणजे नाणे उडवले असते तर जरा बरे ठरले असते. शिवाय लय आणि सौंदर्याला गुण जास्त मिळाले ते यंत्राच्या कवितांना. कारण असे मांडले गेले की, त्या चटकन कळतात; खऱ्या कवीची अवघड ओळ वाचकाला यंत्राची गडबड वाटते.

बंदी मागणारे हाच अभ्यास पुढे करतात. मला त्यातून उलट दिसते. ओळखताच येत नसेल तर ‘आढळल्यास बाद’ हा नियम राबवणार कोण? परीक्षकाने नुसत्या संशयावरून कविता बाजूला ठेवली आणि ती राधानगरीच्या एखाद्या पोरीने रात्री जागून लिहिलेली निघाली, तर तिला आपण काय तोंड दाखवणार?

मराठीपुरते सांगायचे तर अजून यंत्राची गाडी अडते ती पंतांच्या अंगणातच. मी एका प्रसिद्ध यंत्राला आर्या, म्हणजे मोरोपंतांच्या लाडक्या मात्रावृत्तातली कविता, मागितली. बारा, अठरा, बारा, पंधरा असा मात्रांचा हिशेब त्याने मला उत्तम समजावून सांगितला आणि खाली जी आर्या दिली तिच्या दुसऱ्या चरणात बावीस मात्रा. जोडाक्षरामागचा लघु गुरू होतो, हे त्याला सांगता येते, ऐकू येत नाही. देवनागरी मजकुराचे ते आपल्या सोयीने तुकडे पाडते. ते तुकडे आपल्या अक्षरांशी जुळत नाहीत. ही उणीव आज ना उद्या भरून निघेल, त्यावर कवींनी विसंबू नये.

मला जास्त टोचते ते दुसरेच. गेल्या वर्षी एका मुलाच्या कवितेत आई विचारते, ‘काय करालाईस?’ पाठवण्याआधी त्याने ती मोबाइलवर ‘शुद्ध’ करून घेतली आणि आमच्याकडे आली ती ‘काय करत आहेस?’ अशी. रचना त्याची, दुःख त्याचे, आई मात्र बदलून आली. गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडची पोरे बोलीत लिहायला लागून फार दिवस झालेले नाहीत. प्रमाण मराठीच्या इस्त्रीखाली ती ओळ एकदा गेली की परत मिळत नाही. ‘यंत्र कवीची जागा घेईल का’ असे विचारणाऱ्यांनी हे नुकसान आधी पाहावे. मदत घेतल्याचे अर्जात लिहायला सांगण्याचा एक हेतू हाही आहे की, अशा मुलाला फोन करून ‘तुझी मूळ प्रत पाठव’ म्हणता यावे.

निर्णयावरचा सर्वांत टोकदार आक्षेप एका ज्येष्ठ कवयित्रीचा आहे, आणि तो खोटा नाही. त्या म्हणतात, तोंडी प्रश्नांनी बोलका माणूस तरतो आणि बुजरा कवी मरतो. कितीतरी चांगल्या कवींना स्वतःच्या कवितेबद्दल दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत. यावर तोडगा एवढाच निघाला की, प्रश्न अर्थावर नसतील, ओळींवर असतील. हा शब्द का, आधी काय होते, काय खोडले. जुन्या वहीतली खाडाखोड दाखवली तरी चालेल, बोलावे लागणार नाही.

अंतिम फेरीत प्रत्येकाला सात मिनिटे आहेत, चार म्हणायला आणि तीन प्रश्नांना. शालेय गटाला हा नियम लावायचा की नाही, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे.